ब्लॅकबर्नचे चाहते, पुण्याचे मालक आणि बढतीची शिडी

क्रीडा प्रतिनिधी

इंग्लंडच्या वायव्येला लँकेशायर परगण्यात ब्लॅकबर्न नावाचे गिरणगाव आहे. लोकसंख्या सव्वा लाखाच्या आसपास. एके काळी येथील मागांवर विणलेले कापड हिंदुस्थानच्या बाजारपेठेत येत असे. परदेशी कापडावरील बहिष्काराने येथील गिरण्यांना झळ पोहोचली, तेव्हा गोलमेज परिषदेसाठी विलायतेत गेलेले गांधीजी १९३१च्या सप्टेंबरात शेजारच्या डार्वेनला जाऊन गिरणी कामगारांना भेटले होते. पुढे गिरण्या बंद पडल्या. गावाची ओळख म्हणून उरला तो ब्लॅकबर्न रोव्हर्स हा फुटबॉल क्लब. या क्लबची मालकी २०१०च्या नोव्हेंबरात पुण्याच्या 'वेंकीज'कडे गेली आणि लँकेशायरच्या गल्लीबोळांत पुण्याचे नाव घरोघरी पोहोचले. मात्र ते नेहमीच कौतुकाने घेतले गेले असे नाही.

इंग्लंडमधील फुटबॉलच्या चाहत्याला तीन विषय कधीच पुरत नाहीत. आपला संघ यंदा वर जाणार का, शेजारच्या संघाच्या तिजोरीत नेमके काय चालले आहे, आणि सरकार व न्यायालये या खेळाचे काय करू पाहात आहेत. सामन्याआधी पबमध्ये, सामन्यानंतर बसथांब्यावर आणि सोमवारी कामाच्या ठिकाणी याच तीन विषयांवर वाद झडतात. हे वाद वरवर पोरकट वाटले तरी त्यामागे गावाच्या जगण्या-मरण्याचा प्रश्न असतो. तो समजून घ्यायचा तर आधी बढतीची शिडी समजून घ्यावी लागते.

शिडी कशी चालते?

इंग्लंडमध्ये फुटबॉल लीग १८८८ मध्ये बारा क्लबांनी सुरू केली. त्यांतील सहा क्लब एकट्या लँकेशायरचे होते: ॲक्रिंग्टन, ब्लॅकबर्न रोव्हर्स, बोल्टन वाँडरर्स, बर्नली, एव्हर्टन आणि प्रेस्टन नॉर्थ एंड. दुसरी श्रेणी १८९२ मध्ये आली. आरंभी वरच्या श्रेणीतले तळाचे आणि खालच्या श्रेणीतले अव्वल संघ यांच्यात कसोटी सामने खेळवून बढती ठरत असे. १८९८-९९च्या हंगामापासून गुणतक्त्यावरच थेट बढती आणि पदावनती सुरू झाली. त्या नियमाने इंग्लिश फुटबॉलला त्याचा स्वभाव दिला. येथे कोणाचीही जागा कायमची राखीव नाही.

आज प्रीमियर लीगमध्ये वीस क्लब आहेत. त्याखाली चॅम्पियनशिप, लीग वन आणि लीग टू अशा तीन श्रेणी असून प्रत्येकीत चोवीस क्लब आहेत. चॅम्पियनशिपमध्ये प्रत्येक संघ ४६ सामने खेळतो. २०२४-२५च्या हंगामापर्यंत पहिले दोन संघ थेट वर जात आणि तिसऱ्या ते सहाव्या क्रमांकाच्या चार संघांत 'प्ले-ऑफ' होऊन तिसरी जागा ठरत असे. प्ले-ऑफची ही कल्पना १९८६-८७ मधली. तिचा मोठा गुण असा की, मार्च-एप्रिलपर्यंत निम्म्या श्रेणीला आशा राहते. सहावा संघही बढती मिळवू शकतो हे ब्लॅकबर्नकरांना कोणी सांगायला नको. १९९२ मध्ये सहाव्या क्रमांकावरूनच त्यांनी प्ले-ऑफ गाठली, वेम्बलीच्या अंतिम सामन्यात लेस्टर सिटीला १-० असे हरवले आणि त्याच वर्षी जन्मलेल्या प्रीमियर लीगमध्ये पाऊल टाकले.

एका सामन्याचे मोल

प्रीमियर लीगला दूरचित्रवाणीच्या हक्कांतून मिळणारी रक्कम अवाढव्य आहे. तळाला राहिलेल्या क्लबलाही एका हंगामात शंभर दशलक्ष पौंडांच्या घरात, म्हणजे एक हजार कोटी रुपयांहून अधिक मिळतात. उलट चॅम्पियनशिपमधल्या सामान्य क्लबला प्रीमियर लीगकडून 'ऐक्य निधी' म्हणून अंदाजे पाच दशलक्ष पौंड येतात. म्हणूनच चॅम्पियनशिपच्या प्ले-ऑफचा अंतिम सामना हा जगातील सर्वांत श्रीमंत सामना मानला जातो. चषक नाममात्र असतो. खरे बक्षीस पुढच्या वर्षीच्या ताळेबंदात उमटते.

या दरीवर उपाय म्हणून 'पॅराशूट' रक्कम आली. प्रीमियर लीगमधून खाली आलेल्या क्लबला तिथल्या समान वाट्याच्या ५५ टक्के रक्कम पहिल्या वर्षी, ४५ टक्के दुसऱ्या वर्षी आणि २० टक्के तिसऱ्या वर्षी मिळते. एकच हंगाम वर राहिलेल्या क्लबला तिसरा हप्ता मिळत नाही. पहिल्या वर्षाची ही रक्कम चाळीस ते पन्नास दशलक्ष पौंडांच्या दरम्यान भरते. वरच्या श्रेणीतील पगारांचे ओझे घेऊन पडणारा क्लब एकदम आदळू नये, हा हेतू रास्तच होता. परंतु परिणाम असा झाला की, खाली आलेला क्लब बाकीच्यांपेक्षा कितीतरी श्रीमंत ठरतो आणि लगेच वर जातो. ज्यांना पॅराशूट नाही त्यांनी स्पर्धेत राहायचे तर मालकाने खिशातून पैसे ओतायचे. चॅम्पियनशिपमधील क्लबांनी एकूण उत्पन्नापेक्षाही अधिक रक्कम पगारांवर खर्च केल्याची अनेक वर्षे नोंदली गेली आहेत. कोणताही किराणा दुकानदार असा धंदा एक महिनाही करणार नाही.

वॉकर यांचा वारसा

ब्लॅकबर्नला ओतणारा मालक म्हणजे काय हे ठाऊक आहे आणि त्याचे गोड फळही त्यांनी चाखले आहे. गावातच वाढलेले पोलाद व्यावसायिक जॅक वॉकर यांनी आपला उद्योग १९८९ मध्ये ब्रिटिश स्टीलला विकला आणि १९९१ मध्ये क्लब हाती घेतला. केनी डॅलग्लिश व्यवस्थापक म्हणून आले. पाठोपाठ ॲलन शिअररला विक्रमी रकमेला आणले गेले आणि १९९५ मध्ये रोव्हर्स इंग्लंडचे विजेते झाले. अखेरच्या दिवशी ते लिव्हरपूलकडून २-१ असे हरले. पण मँचेस्टर युनायटेडला वेस्ट हॅमने बरोबरीत रोखल्याने विजेतेपद ब्लॅकबर्नकडेच राहिले. १९१४ नंतर ८१ वर्षांनी ते गावात आले होते.

क्लब १९९९ मध्ये खाली घसरला. वॉकर यांचे २००० मध्ये निधन झाले आणि पुढच्याच वर्षी संघ पुन्हा वर गेला. २००२ मध्ये लीग चषकही जिंकला. वॉकर यांच्या मागे त्यांच्या कुटुंबाच्या न्यासाने क्लब सांभाळला. पण ओघ आटत गेला आणि खरेदीदाराचा शोध सुरू झाला.

पुण्याहून आलेले मालक

कुक्कुटपालन व्यवसायातील डॉ. बी. व्ही. राव यांनी १९७१ मध्ये उभारलेला वेंकटेश्वरा हॅचरीज हा समूह महाराष्ट्राला नवा नाही. त्यांच्या कन्या अनुराधा देसाई आणि पुत्र व्यंकटेश व बालाजी राव यांच्या नेतृत्वाखालील या समूहाने २३ दशलक्ष पौंडांना, म्हणजे तेव्हाच्या दराने दीडशे कोटींहून अधिक रुपयांना क्लब घेतला आणि कर्जाची जबाबदारीही स्वीकारली. प्रीमियर लीगमधील क्लब भारतीय कंपनीकडे जाण्याची ती पहिलीच वेळ. आपल्याकडील वृत्तपत्रांत त्याचे मथळे झाले.

महिनाभरातच, १३ डिसेंबर २०१० रोजी, अनुभवी व्यवस्थापक सॅम ॲलरडाईस यांना दूर करण्यात आले आणि त्यांच्या हाताखालचे स्टीव्ह कीन यांच्याकडे सूत्रे आली. ७ मे २०१२ रोजी विगनकडून घरच्या मैदानावर १-० अशी हार झाली आणि क्लब प्रीमियर लीगमधून बाहेर पडला. त्या संध्याकाळी ईवूड पार्कच्या हिरवळीवर क्लबचा झेंडा पांघरलेली एक जिवंत कोंबडी सोडण्यात आली. मालकांच्या व्यवसायाला मारलेला तो टोमणा जगभर पाहिला गेला. पुढच्या हंगामात व्यवस्थापक येत-जात राहिले. हेनिंग बर्ग तर ५७ दिवसांत गेले. २०१७ मध्ये शेवटच्या दिवशी ब्रेंटफर्डला ३-१ असे हरवूनही केवळ गोलफरकाने क्लब लीग वनमध्ये पडला. ज्याने प्रीमियर लीग जिंकली असा क्लब तिसऱ्या श्रेणीत जाण्याची ही पहिलीच घटना होती. टोनी मोब्रे यांच्या मार्गदर्शनाखाली वर्षभरातच तो परतला. २०२३ मध्ये सहाव्या क्रमांकाच्या संडरलँडइतकेच ६९ गुण मिळवूनही गोलफरकाने प्ले-ऑफ हुकली. २०२५ मध्ये पुन्हा सातवे स्थान आले. यावेळी सहाव्या ब्रिस्टल सिटीपेक्षा दोन गुण कमी होते.

वादाच्या दोन बाजू

मालकांबाबत ब्लॅकबर्नच्या चाहत्यांत सरळ दोन मते आहेत. एका मताप्रमाणे, मालक मैदानाकडे फिरकत नाहीत, निर्णय पाच हजार मैलांवरून होतात आणि गुणी खेळाडू हाती लागताच विकले जातात. क्लबच्या प्रबोधिनीत घडलेला ॲडम व्हॉर्टन २०२४ मध्ये क्रिस्टल पॅलेसला गेला. त्या हंगामात चॅम्पियनशिपमध्ये सर्वाधिक २७ गोल करणारा सॅमी स्मॉडिक्स ऑगस्टात इप्सविचला गेला. या दोघांच्या बळावर बढती मिळाली नसती का, हा प्रश्न विचारणारे आजही भेटतात.

दुसरे मत अधिक सावध आहे. प्रीमियर लीगबाहेर पडल्यापासून पॅराशूटचे हप्ते केव्हाच संपले. तेव्हापासून दरवर्षीची तूट पुण्याहून भरली गेली. मालकांनी आजवर ओतलेली रक्कम शेकडो दशलक्ष पौंडांत मोजली जाते आणि कर्जापोटी क्लबवर सावकार बसलेला नाही. मालक गेले तर ही तूट कोण भरणार, असा या पक्षाचा सवाल आहे.

या वादात २०२३ पासून भारतीय न्यायालयाचीही भर पडली. केंद्रीय तपास यंत्रणेच्या चौकशीमुळे मालक कंपनीला इंग्लंडमध्ये पैसे पाठविण्यासाठी दिल्ली उच्च न्यायालयाची परवानगी घ्यावी लागली आणि पाठविलेल्या रकमेसाठी हमी देण्याची अट आली. लँकेशायरमधील पेन्शनर दिल्लीतील सुनावणीच्या तारखा पाठ करू लागले, ही गोष्ट दहा वर्षांपूर्वी कोणी सांगितली असती तर हसण्यावारी नेली गेली असती.

शेजाऱ्याचा ताळेबंद

ब्लॅकबर्नपासून बर्नली वीसएक किलोमीटरवर आहे. दोन्ही गिरणगावे, दोन्ही लीगचे संस्थापक क्लब आणि वैर शतकाहून जुने. २००९ पर्यंत बर्नलीने प्रीमियर लीग पाहिलीही नव्हती. नंतर चित्र उलटले. ते २०१४, २०१६, २०२३ आणि २०२५ मध्ये वर गेले. २५ एप्रिल २०२३ रोजी त्यांनी चॅम्पियनशिपचे विजेतेपद निश्चित केले ते नेमके ईवूड पार्कवर, ब्लॅकबर्नला १-० असे हरवून. २०२५ मध्ये त्यांनी ४६ सामन्यांत अवघे १६ गोल स्वीकारले आणि शंभर गुण मिळवले. तेवढेच गुण मिळवणारा लीड्स गोलफरकाने विजेता ठरला.

ब्लॅकबर्नकर यावर हिशेब मांडतात. बर्नलीला पॅराशूट आहे. शिवाय २०२० अखेर अमेरिकी गुंतवणूकदारांनी तो क्लब घेतला तेव्हा किमतीचा काही भाग क्लबच्याच नावावर कर्ज काढून उभा केला. म्हणजे घर घेताना त्याच घराच्या भाड्यातून हप्ते फेडायचे. एक वर्ष पाय घसरला की संपले, असे भाकीत दरवर्षी होते. बर्नलीकरांचे उत्तर ठरलेले असते: आमचे कर्ज आमच्या बढतीने फिटते, तुमची तूट न्यायालयाच्या तारखेवर अवलंबून आहे. दोघांच्याही म्हणण्यात तथ्य आहे, आणि हीच या व्यवस्थेची खरी शोकांतिका आहे.

शिडीवरून पडलेले

शेजाऱ्याच्या दिवाळखोरीवर हसणाऱ्यांना बरीचे नाव घेताच गप्प बसावे लागते. १८८५ मध्ये स्थापन झालेल्या आणि दोनदा एफए चषक जिंकलेल्या बरी क्लबने २०१९च्या वसंतात लीग वनमध्ये बढती मिळवली. त्याच उन्हाळ्यात, २७ ऑगस्टला, आर्थिक स्थैर्याचा पुरावा न दिल्याने लीगने त्याला बाहेर काढले. बढती मिळालेला संघ एकही सामना न खेळता संपला. काही महिन्यांपूर्वी तो क्लब एका पौंडाला विकला गेला होता. फाटकांना कुलूप लागले, आणि गिग लेनच्या मैदानावर गावचा संघ पुन्हा उतरायला २०२३ उजाडले.

इतरांची यादीही लांब आहे. २००१ मध्ये चॅम्पियन्स लीगची उपांत्य फेरी खेळलेला लीड्स भविष्यातील उत्पन्नावर कर्ज काढून २००४ मध्ये बुडाला. प्रीमियर लीगमध्ये परतायला त्याला सोळा वर्षे लागली. २००८चा एफए चषक विजेता पोर्टस्मथ २०१० मध्ये प्रशासकाच्या ताब्यात गेला आणि २०१३ मध्ये चौथ्या श्रेणीत पोहोचला. तेव्हा तो विकत घेऊन वाचवला चाहत्यांच्या न्यासानेच. डर्बी काउंटीचे २०२१-२२ मध्ये एकूण २१ गुण कापले गेले. २०२५च्या ऑक्टोबरात शेफील्ड वेन्सडे प्रशासकाकडे गेला आणि बारा गुण गमावून बसला.

गुणकपातीचा नियम येण्यामागेही एक कथा आहे. आयटीव्ही डिजिटल ही वाहिनी २००२ मध्ये कोसळली आणि लीगच्या क्लबांचे कोट्यवधी पौंड बुडाले. त्या काळात लेस्टर सिटीने प्रशासकाखाली जाऊन कर्जाचा मोठा भाग माफ करून घेतला आणि त्याच हंगामात, २००३ मध्ये, बढतीही मिळवली. प्रामाणिकपणे देणी फेडणाऱ्या क्लबांनी संताप व्यक्त केला आणि दहा गुणांच्या कपातीचा नियम आला. पुढे तो बारा गुणांचा झाला.

याहून टोचणारा नियम म्हणजे 'फुटबॉल धनको'. क्लब बुडाल्यास खेळाडू आणि इतर क्लब यांची देणी पूर्ण फेडावीच लागतात. उरलेल्यांना, म्हणजे छपाईवाला, केटरर यांना पौंडामागे काही पेन्स मिळतात. पोर्टस्मथच्या धनकोंच्या यादीत सामन्यांना प्रथमोपचार देणारी सेंट जॉन अँब्युलन्स ही सेवाभावी संस्थाही होती.

सरकारचा हस्तक्षेप

बारा बड्या युरोपीय क्लबांनी एप्रिल २०२१ मध्ये स्वतःची बंदिस्त सुपर लीग जाहीर केली. तिच्यात संस्थापकांना पदावनती नव्हती. इंग्लंडमधील चाहते रस्त्यावर उतरले आणि दोन-तीन दिवसांत सहाही इंग्लिश क्लब मागे हटले. त्यानंतर ट्रेसी क्राउच यांच्या अध्यक्षतेखाली चाहत्यांना केंद्रस्थानी ठेवणारी समीक्षा झाली. तिच्या शिफारशींवरून 'फुटबॉल गव्हर्नन्स' कायदा जुलै २०२५ मध्ये संमत झाला. स्वतंत्र नियामक पहिल्या पाच श्रेणींतील क्लबांना परवाने देईल, मालकांची आर्थिक पात्रता तपासेल, मैदान विकण्यावर आणि क्लबचे नाव, रंग वा बोधचिन्ह बदलण्यावर लक्ष ठेवेल. प्रीमियर लीग आणि खालच्या श्रेणी यांच्यात पैशांच्या वाटपावरून तोडगा निघाला नाही, तर निर्णय देण्याचा अधिकारही त्याला आहे.

चाहत्यांत यावरही एकमत नाही. बरीसारखे प्रकार टळतील असे अनेकांना वाटते. नियामक कडक झाला तर जॅक वॉकरसारख्या स्वप्नाळू मालकालाही मज्जाव होईल, अशी धास्ती काहींना आहे.

आपल्याकडे काय?

पुण्याच्या उद्योगसमूहाने इंग्लंडमध्ये क्लब सांभाळला, त्या काळात पुण्याने स्वतःचे क्लब गमावले. पुणे एफसी, डीएसके शिवाजियन्स आणि एफसी पुणे सिटी हे तिन्ही दशकभरात अस्तंगत झाले. मुंबईचा महिंद्र युनायटेड २०१० मध्येच बंद झाला होता. गोव्याच्या साळगावकर, स्पोर्टिंग आणि धेंपो या क्लबांनी २०१६ मध्ये आय-लीगमधून अंग काढून घेतले. बढतीची वाटच बंद असेल तर खर्च कशासाठी, हा त्यांचा प्रश्न होता. आय-लीग विजेत्याला इंडियन सुपर लीगमध्ये बढती मिळू लागली ती २०२३ मध्ये पंजाब एफसीपासून. पदावनती मात्र तेव्हा आली नाही. २०२४-२५ मध्ये तळाला राहिलेला मोहमेडन स्पोर्टिंगही खाली गेला नाही. शिडी नसेल तर पडण्याची भीती नसते. पण खालच्या गावाला वर पाहण्याचे कारणही उरत नाही.

ब्लॅकबर्नच्या चाहत्याची तक्रार कितीही कडू असली, तरी पुढच्या हंगामाचे तिकीट काढताना तो सहाव्या क्रमांकाचा हिशेब करतोच. १९९२ मध्ये ते घडले होते, हे त्याला पाठ आहे. बरीच्या चाहत्याला मात्र हिशेब करायला चार वर्षे गिग लेनवर संघच उरला नव्हता. बढती आणि ताळेबंद यांतला हा फरक गावांना फार उशिरा कळतो.

दृष्टिक्षेप: ब्लॅकबर्न रोव्हर्स

१८७५: क्लबची स्थापना
१८८८: फुटबॉल लीगच्या बारा संस्थापकांत समावेश
१८९०: ईवूड पार्क हे घरचे मैदान
१९१२, १९१४, १९९५: इंग्लंडचे विजेतेपद
१९९१: जॅक वॉकर यांच्याकडे मालकी
२००२: लीग चषक
२०१०: वेंकीजकडे मालकी
२०१२: प्रीमियर लीगमधून पदावनती
२०१७: लीग वनमध्ये घसरण, २०१८ मध्ये पुनरागमन
२०२३, २०२५: सातवे स्थान, प्ले-ऑफ हुकली